मदत हवी आहे: शोरूमने भेट दिलेल्या तिरंग्याचं काय करावं?

परवा नव्या गाडीची डिलिव्हरी घेतली. १५ ऑगस्टच्या ऑफरमध्ये बॉनेटवर लावायला काठीसह तिरंगा मिळाला, पण पांढऱ्या पट्ट्यावर शोरूमचं नाव छापलेलं! फार वाईट वाटलं. ध्वजसंहिता २००२ वाचली: ध्वजावर अक्षरं चालत नाहीत, आणि गाडीवर तो फडकवण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल अशा ठरावीक पदांनाच आहे. दोनदा फोन केला. "सगळ्यांनाच दिलाय, तुम्ही नका लावू" एवढंच उत्तर. परत करायचा नाहीये, ते दुसऱ्या कुणाला देतील. खराब झालेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा असं संहितेत आहे. हा तर कोरा करकरीत आहे. तो तसाच नष्ट केला तर चालेल का? आणि वाटप थांबवायला लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची की जिल्हाधिकारी कार्यालयात?