एक्स्पांडर भरताना ‘बास’ कोणी म्हणायचं?

सदाफुली
डाव्या बाजूची मास्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला, तेव्हाच आत एक्स्पांडर बसवला: कातडी हळूहळू ताणणारी पिशवी, नंतर तिच्या जागी कायमचा सिलिकॉनचा इम्प्लांट घालतात. आता ठरावीक दिवसांनी ओपीडीत जायचं, लोहचुंबक फिरवून पोर्ट (पिशवीचं भरायचं तोंड) शोधतात, कातडीवर खूण करतात आणि सुईने ६० मिली सलाईन भरतात. एकदोन दिवस पट्टा आवळल्यासारखी छाती दुखते, मग सुटते. सध्या ३६० मिली झालंय. डॉक्टर म्हणतात ४८० पर्यंत जाऊ, कारण उजवी बाजू तेवढी आहे. मला ३६० पुरे आहे. उजवी बाजू मला कॉलेजपासून जड होते. तीच कमी करून घ्यावी आणि दोन्हीकडे आटोपशीर ठेवावं.
माझं मत: इम्प्लांट कोणत्या प्रकारचा ते सर्जनने ठरवावं, पण केवढा ते जिच्या अंगावर राहणार तिने. पटतंय का?

गवतीचहा
मला नाही पटत. मिलीचा आकडा म्हणजे साइझ नव्हे. ३५० सीसीचा (म्हणजे मिलीचाच) इम्प्लांट रुंद आणि चपटा मिळतो, तसाच अरुंद आणि पुढे आलेलाही मिळतो. आरशात दोन्ही वेगळे दिसतात. म्हणून सर्जन छातीची रुंदी मोजतो, बाकीचं त्यावरून. शिवाय पुष्कळदा मुद्दाम थोडं जास्त भरतात, म्हणजे नंतर कातडीला सैलपणा राहतो आणि खालचा भाग जरा ओघळल्यासारखा, खरा दिसतो. तू ३६० वर हट्ट धरलास तर ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्याकडे वावच उरणार नाही. माझ्या वेळी त्यांनी टेबलावर वेगवेगळे साइझर (मापाचे तात्पुरते इम्प्लांट) आत घालून, मला भुलीतच बसतं करून पाहिलं आणि मग ठरवलं. मी एकही आकडा दिला नव्हता. माझं काही अडलं नाही.

सदाफुली
“भुलीत बसतं करून पाहिलं.” पाहिलं कोणी? तू तर झोपली होतीस.

गवतीचहा
जागी असते तरी काय दिवे लावले असते? त्यांनी शेकडो बघितलेत.

हडसनकाठची
मी सदाफुलीच्या बाजूने. मी न्यू जर्सीत असते. इथे १९९८ पासून केंद्रीय कायदा आहे: विमा मास्टेक्टॉमीचा खर्च देत असेल तर पुनर्रचनेचा आणि दुसरी बाजू जुळवून घेण्याचाही द्यावाच लागतो. त्यामुळे ‘दुसरी कमी करा’ असं पेशंट सहज म्हणू शकते आणि साइझबद्दल मोकळं बोलणं होतं. तुझ्या पॉलिसीत हे बसतं का, ते मात्र आधी बघ.

चाफेकळी_७२
बघच! मी डावीकडे लहान इम्प्लांट घेतला, उजवी नंतर कमी करायची असं ठरलं होतं. विमा कंपनीने ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून दावा फेटाळला आणि ते तिथेच राहिलं. आता ब्लाऊज शिवणारी डाव्या कटोरीत आतून पॅड टाकून देते, आणि दर वेळी नवीन बाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. उजवीकडे चीर दिली की तिथेही व्रण आणि पुढे मॅमोग्राफीत त्या व्रणांचा हिशोब, हे वेगळंच. आटोपशीर ऐकायला छान वाटतं गं, पण उजवीचं आधी पक्कं कर.

नाना_पुणेकर
मिस्टरांचं काय मत?

सदाफुली
नाना, सुई मला टोचतात.

सुईदोरा (प्लास्टिक सर्जरी)
ताई, पेशंटने आकडा देऊ नये या मताचा मी आहे. फोटो आणावेत, कसले कपडे घालता ते सांगावं, ‘पूर्वीपेक्षा लहान’ असं स्पष्ट म्हणावं. कप साइझ लिहून देणं कोणालाच जमत नाही. आणि ३६० ला थांबून नंतर मन बदललं तर कातडी अपुरी पडते. जास्त भरलेलं सलाईन मात्र काढता येतं, इम्प्लांटही थोडा लहान घालता येतो. फार लहान नको, कातडीखालच्या मोठ्या पोकळीत तो फिरतो आणि वर कातडीवर लाटा दिसतात.
रेडिएशन बाकी आहे का? असेल तर बरेच सर्जन भरणं आधी उरकतात. रेडिएशननंतर कातडी ताण घेत नाही आणि कॅप्सूल (इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण) आवळण्याचा धोका वाढतो.

सदाफुली
रेडिएशन नाहीये. पण डॉक्टर, ४८० हा आकडा आला कुठून? आजच्या उजव्या बाजूवरून. किमो चालू असताना माझं वजन सात-आठ किलोंनी वाढलंय. ते उतरलं की उजवी उतरेल, सिलिकॉन तेवढंच राहील. म्हणजे जुळवणार कशाशी?

सुईदोरा (प्लास्टिक सर्जरी)
हा प्रश्न रास्त आहे. वजन स्थिरावेपर्यंत इम्प्लांटची अदलाबदल लांबवता येते, एक्स्पांडर काही महिने आत राहू शकतो. सर्जनना हेच सांगा. आकड्यापेक्षा याने निर्णय बदलेल.

गवतीचहा
मग ४२० पर्यंत जा, घरी वावरून बघ, साडी नेसून बघ. नाही आवडलं तर काढतील.

सदाफुली
एक्स्पांडर घट्ट असतो आणि इम्प्लांटपेक्षा वर बसतो. त्याच्यावर ब्लाऊज घालून मला काय कळणार? पण ४२० ला हरकत नाही, डॉक्टरांचा ‘वाव’ मान्य. पुढच्या वेळी दोन गोष्टी विचारणार आहे: माझ्या छातीची रुंदी किती मोजलीत, आणि काढलेल्या भागाचं वजन किती ग्रॅम भरलं होतं. ऑपरेशनच्या नोंदीत ते असतं म्हणे.

चाफेकळी_७२
आणि विमा कंपनीला लेखी विचार. फोनवर सगळेच ‘हो मॅडम’ म्हणतात.

गवतीचहा
विचार सगळं. पण शेवटचा आकडा त्यांच्यावर सोड, असंच मी म्हणेन.

सदाफुली
नाही सोडत.