युवा संस्थेत मार्केटिंग-फंडरेझिंगची इंटर्नशिप : आधी काय विचारावं, सुरुवात कुठून करावी?

नवखी_इंटर्न :
युवकांसोबत काम करणाऱ्या एका लहान संस्थेत १२ आठवड्यांची इंटर्नशिप मिळते आहे, आठवड्याला १० तास. पत्रात 'मार्केटिंग आणि फंडरेझिंग' एवढंच लिहिलंय. तोंडी सांगितलं ते असं : इन्स्टाग्राम सांभाळायचं, महिन्याला एक ईमेल काढायचा आणि ४० नवे देणगीदार आणायचे. हा ४० चा आकडा कुठून आला ते कळलं नाही. होकार देण्याआधी काय विचारून घ्यावं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कशाला हात घालावा? शेवटी कॉलेजला अहवालही द्यायचाय.

उंबरठा :
आधी हे विचारा : ४० चं टार्गेट संस्थेचं की तुमचं? संस्थेचं असेल तर जुन्या देणगीदारांची यादी, वेबसाइटवरचं देणगीचं पान आणि मागचे आकडे तुमच्या हाती येतील. तुमचं असेल तर त्याचा सरळ अर्थ 'ओळखीपाळखीच्यांकडून गोळा करून आणा' असा होतो. त्यात शिकायला फारसं काही नसतं आणि तुम्ही गेलात की ते देणगीदारही जातात.

जमवलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ म्हणाले तर नाही म्हणा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी जमवणाऱ्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे, आणि ती उगाच नाही. टक्केवारी आली की देणगीदाराला काय परवडतं, काय पटतं हे मागे पडतं.

एवढं लेखी घ्या : काम कोण तपासणार आणि आठवड्यातून कधी भेटणार, कोणत्या खात्यांचा प्रवेश मिळणार, केलेलं काम पुढे नमुना म्हणून दाखवता येईल का. देणगीचा पैसा तुमच्या वैयक्तिक खात्यातून एक दिवसही फिरता कामा नये, 'तात्पुरतं घे, नंतर वळतं करू' असं कुणी म्हणालं तरी.

४० चा हिशेब उलटा मांडून बघा. पानावर आलेल्या १०० पैकी २ जण देणगी देतात असं धरलं, तर ४० साठी पानाला २,००० भेटी लागतात. म्हणजे १२ आठवड्यांत आठवड्याला साधारण १६७. संस्थेचा खरा दर विचारा आणि २ च्या जागी तो घाला. आकडा आवाक्याबाहेर दिसला तर तो पहिल्याच आठवड्यात बोला, अकराव्यात नको.

कोष्टक :
पोस्टर-रील नंतर. पहिल्या दिवशी मोबाइलवरून सगळ्यात लहान रकमेची देणगी करून बघा (खर्च संस्थेचा). किती रकाने भरावे लागतात, पैसे गेल्यावर पोचपावती येते का, बँकेच्या संदेशात कुणाचं नाव दिसतं हे टिपा. तिथे अनोळखी नाव दिसलं की देणगीदार घाबरून पैसे परत मागतो. जन्मतारीख, पूर्ण पत्ता, व्यवसाय असले रकाने कायद्याने लागत नसतील तर काढायला सांगा.

मग लिंका. प्रत्येक ठिकाणासाठी यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडलेली, माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावलेली वेगळी लिंक बनवा, नाहीतर देणगी कुठून आली ते कधीच कळणार नाही. यात लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी धरली जातात. एकाने 'इन्स्टाग्राम' मोठ्या अक्षराने सुरू केलं आणि दुसऱ्याने लहान, की अहवालात दोन ओळी पडतात. नावांचा एक तक्ता करून सगळ्यांनी त्यातूनच उचलायचं.

यादी साफ करताना फोन नंबरचा रकाना आयात करण्याआधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं आणि लांब नंबर ९.१९ई+११ असा दाखवतं. तसंच सीएसव्हीमध्ये (तक्त्याची साध्या मजकुराची फाइल) सेव्ह झालं की मूळ नंबर गेले.

ईमेल संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरूनच (वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरून) पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीएमार्क (मेल खरंच त्या पत्त्यावरून आला हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) हे तिन्ही लागतात आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोयही. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. तुमची यादी ५०० ची असली तरी हे सगळं करून घ्या, तांत्रिक माणसाचं तासाभराचं काम आहे. आणि साध्या मेलमधून सगळ्यांना 'सीसी' करणं म्हणजे देणगीदारांची यादी देणगीदारांनाच वाटणं.

एका मेलमध्ये एकच मागणी. 'स्वयंसेवक व्हा, देणगी द्या, फॉलो करा' असं तिन्ही लिहिलं की वाचणारा काहीच करत नाही. देणगी आली की ४८ तासांत आभार, आणि त्या आभारात पुन्हा मागणी नको. काही आठवड्यांनी पैशाचं काय झालं ते कळवायचं, पुढची मागणी त्यानंतर.

चौकट :
वर सगळं पैशाचं झालं. युवा संस्थेत घोळ होतो तो फोटोंवरून. १८ वर्षांखालील मूल असेल तर पालकांची लेखी संमती घ्याच, आणि मुलालाही विचारा. संमतीपत्रात कुठे वापरणार आणि कधीपर्यंत, हे दोन्ही हवं. 'संस्थेच्या कामासाठी' एवढ्यावर भागत नाही. फोटोच्या फाइलच्या नावातच संमतीपत्राचा क्रमांक टाका, म्हणजे उद्या कुणी संमती मागे घेतली तर दोन मिनिटांत शोधून काढता येतो. चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा एकत्र जाऊ देऊ नका. गणवेशावरचा बिल्ला हमखास नजरेतून सुटतो. मूळ फाइल देताना त्यातली ठिकाणाची माहितीही काढून टाका. आणि रडका चेहरा दाखवून पैसे मागू नका. तोच मुलगा चार वर्षांनी ती पोस्ट बघणार आहे.

पोस्टरवर क्यूआर टाकणार असाल तर अंतराच्या दहाव्या हिश्शाएवढी रुंदी धरा : दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर २० सेंटीमीटर. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. डिझाइन करणारे तीच खातात. फुकट 'डायनॅमिक' क्यूआरची (ज्याच्या मागची लिंक नंतर बदलता येते) मुदत कधी संपते ते छापण्याआधी बघा, नाहीतर ३०० पोस्टर चिकटवून झाल्यावर कोड मेलेला असतो.

नवखी_इंटर्न :
खूप उपयोग झाला. अहवालात ईमेल किती जणांनी उघडला हा आकडा चालेल ना? आणि गुगलच्या फुकट जाहिराती मिळतात म्हणे, त्या मागू का?

कोष्टक :
उघडण्याच्या आकड्यावर विसंबू नका. ॲपलने २०२१ मध्ये मेलमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे वाचणाऱ्याने मेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होते. क्लिक, देणग्या, सरासरी रक्कम आणि मासिक देणगी सुरू करणारे किती, हे चार लिहा.

गुगल ॲड ग्रँट्समध्ये पात्र संस्थेला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मिळतात, पण क्लिकचा दर (जाहिरात दिसलेल्या १०० वेळांपैकी किती वेळा क्लिक झालं) ५ टक्क्यांवर ठेवावा लागतो. सलग दोन महिने खाली गेला तर खातं थांबवतात. आठवड्याच्या १० तासांत हे नव्याने उभं करायला जाऊ नका. आधीपासून चालू असेल तर तेवढं बघा.

उंबरठा :
एक राहिलं. कोणतंही खातं स्वतःच्या ईमेलवर उघडू नका, डिझाइनसाठीचं कॅनव्हासुद्धा नाही. बाराव्या आठवड्यात प्रवेश काढून घ्यायला सांगा, फोनमधली देणगीदारांची यादी पुसा, आणि पुसल्याचं मेलवर कळवा.