पन्नाशीनंतर जर्मन: वयामुळे नेमकं काय अडतं?

रानवारा
वय ५३, जर्मनची ए२ ही दुसरी पायरी चालू आहे. शब्द लक्षात राहतात, कागदावर व्याकरणही जमतं. पण ऐकताना अर्धं निसटतं आणि बोलताना डेअर-डी-डासचा, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणाऱ्या शब्दांचा, घोळ होतो. वर्गातली विशीतली मुलं भराभर पुढे जातात. हे वयाचंच का? रोजचा एक तास कशावर घालवू?

अनुस्वार
वयाचा फटका सगळीकडे सारखा बसत नाही. सगळ्यात आधी कान घट्ट होतो. वर्कर आणि टीस या संशोधकांच्या १९८४च्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे कळत होते. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण गेली.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण मुख्यतः लिहिताना पाळतो. जर्मनमध्ये 'बीऽटन' म्हणजे देऊ करणं, 'बिटन' म्हणजे विनंती करणं. अशा दहा जोड्या घ्या, चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात. न बघता ऐका, कुठला शब्द ते लिहा, लगेच उत्तर ताडा. वीस मिनिटं पुरे. एकच आवाज वापरलात तर कान त्या माणसाला सरावतो, स्वराला नाही.

दोन टिंबांच्या 'ऊ'साठी लांब 'ई' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठ गोल करा. 'यू' म्हटलंत की जीभ सरकते आणि उच्चार फसतो.

खडूफळा
लिंगं मराठीतही तीनच, पण जुळत नाहीत: आपला सूर्य 'तो', त्यांची 'झोनं' 'ती'. नुसतं नाम पाठ केलं की बोलताना मराठीचं लिंग मध्ये घुसतं. आर्टिकल (म्हणजे डेअर-डी-डास), विशेषण, नाम असा अख्खा तुकडाच तोंडात बसवा. -उंग, -हाइट, -काइट हे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी, तेवढी पाठांतरातून सुटका.

उलटतपासणी
विशीतल्यांचा धसका घेऊ नका. २०१८च्या ज्या मोठ्या अभ्यासात व्याकरण शिकण्याची क्षमता सतराच्या पुढे घसरते असं आलं, त्याच हिशेबाने ही विशीतली मुलंही उशिराच आलेली! शिवाय तिथला प्रश्न मातृभाषिकाइतकं अचूक व्याकरण येण्याचा होता. ग्योटं संस्थेच्या बी१ला, म्हणजे ए२च्या पुढच्या परीक्षेला, चारही भागांत प्रत्येकी १००पैकी ६० लागतात.

एक मात्र करा: ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी. पन्नाशीत वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होऊ लागतं. स, फ, त अशी व्यंजनं आधी पुसट होतात आणि जर्मन क्रियापदांची टोकं नेमकी -स्ट आणि -ट. तिथे खोट निघाली तर कितीही सराव केला तरी अडखळणारच. तोवर वर्गात पुढच्या बाकावर बसा, घरी स्पीकरऐवजी हेडफोन वापरा.