पावतीपुस्तकावर चिटणीस की सचिव?

साखरपेठकर: मंडळाचं नवं पावतीपुस्तक छापायचंय. जुन्यावर 'चिटणीस' आहे. पोरं म्हणतात 'सचिव' टाका, चिटणीस तर आडनाव आहे की ओ! छापखानेवाला घाई करतोय.

बाळीवेस: चिटणीसच ठेवा. हुद्द्यावरून आडनाव आलंय, उलट नाही. चिट म्हणजे चिठ्ठी, फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिटनवीस घासून चिटणीस. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, तोही याच घरातला.

गंमत म्हणजे शिवकाळात सचिव आणि चिटणीस वेगवेगळे होते. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली, त्यात सुरनीसाचा सचिव झाला. पत्र लिहायचं चिटणिसानं, ते तपासून अधिकउणं अक्षर दुरुस्त करायचं सचिवानं. तुमच्या पोरांचं ऐकलं तर मंडळाची पत्रं लिहायला कुणी उरत नाही बे.

सात रस्ता: मग महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी अष्टप्रधानांत का नाहीत?

बाळीवेस: नव्हतेच. पण राजाच्या मनातलं आधी कळायचं ते त्यांनाच. कोऱ्या कागदाची आख्यायिका ऐकलीच असेल: महाराजांनी सांगितलेलं पत्र रात्रीत लिहून झालं नाही, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हातात धरून मजकूर घडाघडा वाचून दाखवला. खरी असो नसो, चिटणिशी म्हणजे काय हे त्यात कळतं. मोडीत त्यांच्या वळणाला 'चिटणिशी' वळण म्हणतात. प्रधानकी मिळालेल्या किती जणांच्या नावानं अक्षर चाललं?

सात रस्ता: जवळीक महागातही पडली की. १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून संभाजीराजांनी त्यांना देहदंड दिला.

बाळीवेस: हो. तरी मुलगा खंडो बल्लाळ दरबार सोडून गेला नाही. संभाजीराजे, राजाराम, शाहू, तिघांच्या पदरी राहिला. (बल्लाळ हे आडनाव नव्हे, बाळाजीचा मुलगा म्हणून बल्लाळ.)

अक्कलकोटची नात: 'प्रायव्हेट सेक्रेटरी'ला मग काय म्हणायचं? व्हिक्टोरिया राणीचा हेन्री पॉन्सन्बी १८७० पासून १८९५ पर्यंत तेच काम करत होता, मंत्री बदलले तरी तो तिथंच. आमची आजी वाड्यातल्या अशा माणसाला 'खासगीतला' म्हणायची.

बाळीवेस: ताई, आजींचा शब्द नेमका आहे. खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मालमत्ता आणि तिचा कारभार. पण खासगीतला प्रत्येकजण चिटणीस नसायचा, कोठी सांभाळणाराही खासगीतलाच. म्हणून राणीच्या त्या माणसाला मी 'खासगी चिटणीस' म्हणेन. 'स्वीय सहायक' ऐकलं की मला फक्त फायली उचलणारा दिसतो.

साखरपेठकर: बरं, चिटणीस पक्कं. पावतीवर खाली 'चिटणीसची सही' लिहू ना?

बाळीवेस: नको हो, 'चिटणिसाची'. णि ऱ्हस्व.