जुने मार्ग पायांखाली असावेत की कुंपणाआड?

वाटाड्या

रोमच्या वेशीबाहेर आप्पिया मार्गावर दोन दिवस चालून आल्यापासून एक विषय मनात घोळत आहे, तो येथे चर्चेसाठी मांडतो. आप्पियस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्याने इ. स. पू. ३१२ मध्ये रोमपासून कापुआपर्यंत बांधायला घेतलेला आणि पुढे ब्रिंडिसीच्या बंदरापर्यंत वाढत गेलेला हा रस्ता २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. शहराजवळच्या टप्प्यात काळ्या बेसाल्टचे मोठाले, अनेक कोनांचे दगड अजून जागेवर आहेत आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल रेषा आहेत. ‘चाकोरी’ हा शब्द आपण रोज अलंकारिक अर्थाने वापरतो. मी चाकोरी प्रथम पाहिली ती त्या दगडांत. तिच्यात पाऊल ठेवून काही अंतर चाललो तेव्हा तो रस्ता मला जसा समजला, तसा तो छायाचित्रांतून किंवा माहितीफलकांवरून कधीच समजला नव्हता.

माझे म्हणणे असे, की इमारतीच्या जतनाचे नियम रस्त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. एखादे देऊळ ओस पडले तरी ते देऊळ म्हणून ओळखू येते. रस्त्यावरची ये-जा थांबली, की मात्र थोड्याच वर्षांत दगडांची एक रांग तेवढी उरते, मग त्यातले दगड कोणाच्या तरी बांधाला जातात, झुडपे माजतात, आणि दोन पिढ्यांनी येथून वाट जात होती हे सांगणारेही कोणी राहत नाही. ‘वहिवाट’ या आपल्या एकाच शब्दात वापर आणि हक्क दोन्ही सामावले आहेत, ते उगीच नव्हे. म्हणून प्राचीन मार्ग सर्वांना चालण्यासाठी खुले असावेत, ते चालण्याजोगे राखावेत, आणि त्यासाठी खचलेल्या जागी नवा दगड बसवावा लागला तरी त्याला भेसळ समजू नये. ज्यांचे मत याच्या विरुद्ध असेल त्यांनी ते अवश्य लिहावे.

शिलापट्ट

माझे मत विरुद्ध आहे आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले असे, की वापराने रस्ता टिकतो हे ज्या काळी खरे होते त्या काळी तो वापर वर्षभर आणि रस्त्याच्या सबंध लांबीवर विभागलेला असे. आज तो एका हंगामात आणि एकाच टप्प्यात एकवटतो. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गाचे उदाहरण घ्या. पायी यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी निदान शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागतात. सार्रिया हे गाव त्याहून थोड्याच अधिक अंतरावर आहे, त्यामुळे असंख्य लोक तेथूनच चालू लागतात आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या मार्गाचा भार त्या शेवटच्या पट्ट्यावर पडतो. २०२४ साली सांतियागोत नोंद झालेल्या यात्रेकरूंची संख्या जवळजवळ पाच लाख होती.

दुसरे कारण मातीचे आहे. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियन या रोमन सम्राटाने बांधवलेल्या भिंतीलगत २००३ साली एक लांब पायवाट खुली झाली. ती रोमन रस्ता नव्हे, परंतु तिचा अनुभव सर्वच जुन्या मार्गांना लागू पडतो. तिच्या बऱ्याच भागात पायाखाली केवळ हिरवळ आहे आणि हिरवळीखाली रोमन अवशेष आहेत. ओल्या हिवाळ्यात पावलांनी गवत उखडले, की माती वाहून जाते आणि ज्या थरांचे अजून उत्खननही झालेले नाही ते उघडे पडतात. म्हणून चालणाऱ्यांना मिळणाऱ्या पुस्तिकेवर शिक्के मारण्याची सोय मे ते ऑक्टोबर एवढीच ठेवलेली आहे, आणि गवतावरून जाताना एकामागोमाग एक न चालता शेजारी-शेजारी चाला, अशी सूचना दिली जाते. एका रांगेत चालले तर घळ पडते, हे त्यांना अनुभवाने कळले आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण ‘चालण्याजोगा राखावा’ म्हणता, तो कोणत्या काळचा रस्ता? आप्पिया मार्गावर आरंभी खडी होती. आपण ज्या फरसबंदीवरून चाललात ती टप्प्याटप्प्याने नंतर आली, आणि पुढेही तिच्यावर अनेकांचे हात फिरले. दुरुस्ती करणारा माणूस नकळत यांपैकी एक काळ निवडतो आणि बाकीचे पुसतो. चाकोरी पाहायला मिळाली याचा आपल्याला आनंद झाला, तो मला समजतो. परंतु खचलेला दगड काढून नवा बसवला, की त्या जागेची चाकोरी जाते आणि ती पुन्हा पाडता येत नाही.

रानवाट

शिलापट्ट यांच्या तिसऱ्या मुद्द्यापुरते लिहितो, कारण मला त्यातील गृहीतकच मान्य नाही.

जपानमध्ये एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो मार्ग हाकोने घाटातून जाई. तेथे पाऊस पडला की चिखलात पाय रुतत, म्हणून चढावर बांबू अंथरत आणि ते कुजले की पुन्हा नवे आणावे लागत. १६८० साली शोगुन या लष्करी शासकाच्या राजवटीने तेथे दगडी फरसबंदी केली. आज लोक ज्या शेवाळलेल्या दगडांवरून जपून पाय टाकत जातात त्यांची मूळ कल्पना म्हणजे त्या काळातील दुरुस्तीच होय. तेथे ठिकठिकाणी रस्त्याला तिरकी छेद देणारी दगडांची ओळ दिसते; उतारावरून येणारे पाणी बाजूच्या झाडीत काढून देण्यासाठी ती आहे. हे ज्याने केले त्याला पाऊस, उतार आणि चालणाऱ्याचा पाय या तिन्हींची पूर्ण जाण होती.

बांबू काढून दगड बसवणाऱ्यांना आपण इतिहासाचे मारेकरी म्हणत नाही. मग आज त्याच जाणिवेने, आधीच्या अवस्थेची मोजमापे आणि चित्रे नोंदवून, एखादा दगड बदलला तर आक्षेप कशासाठी? दुरुस्ती हीच रस्त्याच्या इतिहासाची पद्धत आहे. ज्या दिवशी शेवटची दुरुस्ती झाली त्या दिवशी तो इतिहास थांबला, असे का मानायचे, हे मला कळत नाही.

भारवाही

आतापर्यंत दगड, माती आणि बांबू यांविषयी पुष्कळ लिहून झाले, परंतु ज्यांच्या पाठीवरून हे रस्ते तयार झाले त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, याचे मला वाईट वाटले.

आप्पिया मार्गावरच, रोम आणि कापुआ यांच्या दरम्यान, स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यानंतर इ. स. पू. ७१ मध्ये सुमारे ६००० माणसांना रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले होते. ती शिक्षा रस्त्यावर दिली, कारण रस्त्यानेच ती सर्वांना दिसणार होती. इंका साम्राज्याचा ‘कापाक न्यान’ हा ३०,००० किलोमीटरहून मोठा मार्गसमूह प्रजेवर लादलेल्या श्रमाच्या वेठीतून उभा राहिला. सैन्य हलवणे, कर गोळा करणे आणि दूरच्या प्रदेशावर वचक ठेवणे हीच बहुतेक राजमार्गांची मूळ कामे होती. त्यांवरून प्रसन्न मनाने चालून येणे आणि त्याला सांस्कृतिक पदभ्रमण म्हणणे मला अपुरे वाटते.

आणि हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाही. माचू पिक्चूकडे जाणाऱ्या प्रसिद्ध इंका वाटेवर एका दिवसात ५०० माणसांनाच प्रवेश आहे. हा आकडा ऐकून संरक्षणाची काळजी घेतली जाते असे आपल्याला वाटते, आणि ते खरेही आहे. परंतु त्या ५०० मध्ये वाटाडे, स्वयंपाकी आणि ओझेकरी धरलेले असतात, आणि पर्यटकांपेक्षा त्यांचीच संख्या अधिक असते. पेरूमध्ये २००१ साली कायदा होऊन ओझ्याची मर्यादा २० किलो ठरली, तेव्हापासून वाटेच्या तोंडाशी असलेल्या चौकीवर ओझ्याचे वजन करतात. तंबू, भांडी, गॅसची टाकी आणि दुसऱ्याचे कपडे पाठीवर बांधून जो माणूस चपलेने तोच चढ आपल्या आधी चढतो आणि आपण पोहोचण्यापूर्वी तंबू उभा करतो, त्याच्यासाठी हे चालणे काय आहे, हे विचारल्याशिवाय ‘मार्ग सर्वांना खुले असावेत’ यातले ‘सर्व’ कोण, हे ठरणार नाही.

खूणगाठ

एक वेगळा मुद्दा थोडक्यात मांडते. सांतियागोच्या वाटेवर जागोजागी पिवळे बाण दिसतात. एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात ते रंगवायला सुरुवात केली आणि मोडत चाललेली वाट त्यामुळे पुन्हा चालती झाली. त्यांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. तरीही बाणाने एक गोष्ट होते. पूर्वीचा यात्रेकरू आपल्या घराच्या उंबऱ्यापासून निघे, त्यामुळे मार्ग ही एक रेषा नसून वाटांचे जाळे होते. पूर आला, साथ आली, लूटमार झाली की माणसे दुसऱ्या वाटेने जात. आता जेथे बाण तेथेच पाय पडतात. शिलापट्ट यांनी ज्या गर्दीचे वर्णन केले आहे, तिच्यावर कुंपणापेक्षा बाजूच्या विसरलेल्या वाटा पुन्हा खुल्या करणे हा उपाय मला अधिक योग्य वाटतो.

वाटाड्या

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. भारवाही यांच्यापुढे मला युक्तिवाद करायचा नाही. आप्पिया मार्गावर थडगी कोणाची, झाडे कोणती, हे मी कुतूहलाने पाहत होतो. ते ६००० क्रूस मला त्या दोन दिवसांत एकदाही आठवले नाहीत. ही चूक माझी आहे.

कोणत्या काळचा रस्ता राखायचा, या प्रश्नाला मात्र त्यांनीच उल्लेखिलेल्या कापाक न्यानवर एक उत्तर आहे. पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे. दोन्ही काठांवरील केचुआ लोकवस्त्या दरवर्षी जून महिन्यात एकत्र येऊन तो नव्याने विणतात. घराघरातून इचू गवताच्या बारीक दोऱ्या येतात, त्यांचे पिळून दोर होतात, दोरांचे हाताच्या दंडाएवढे जाड दोरखंड होतात. ते पलीकडे ताणले, की विणकर दोन्ही टोकांकडून कठडे विणत मध्यभागी येऊन भेटतात. जुना पूल कापून खाली नदीत सोडतात. त्यात शंभर वर्षांपूर्वीची एक काडीही नाही, तरीही तो इंकांचा पूल आहे, हे युनेस्कोने २०१३ साली या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेऊन मान्य केले. महासाथीच्या काळात विणकाम चुकले आणि २०२१ च्या मार्च महिन्यात पूल तुटून पडला. जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा विणला. मी ज्याला वापर म्हणतो तो हा आहे. त्यात चालणे आणि राखणे वेगळे काढता येत नाही.

शिलापट्ट

केस्वाचाकाचे उदाहरण सुंदर आहे, परंतु ते आपल्या बाजूने तितकेसे लागू पडत नाही. तेथे विणणारे लोक त्या पुलाचे वारसदार आहेत आणि गवत दरवर्षी उगवते. आपण आणि मी आप्पिया मार्गाचे पाहुणे आहोत आणि तेथील चाकोरी दुसऱ्यांदा उगवणार नाही. जपानमधील नाकासेंदो मार्गावर त्सुमागो नावाचे जुने मुक्कामाचे गाव आहे. तेथील रहिवाशांनी १९७१ साली एकत्र येऊन ठरवले, की घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि पाडायची नाहीत. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींनाही मज्जाव असतो. पाहुण्यांना काय मोकळे ठेवायचे आणि काय नाही, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवले, म्हणून ते टिकले.

रानवाट यांच्या दुरुस्तीच्या मुद्द्यावर मी एक पाऊल मागे येतो. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत असे तत्त्व आहे, की नवा भाग एकंदर रचनेशी जुळणारा असावा, तरी मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. ते तत्त्व पाळून, जेथे रस्ता खरोखर खचला आहे तेथेच दगड बसवला जात असेल तर माझा विरोध नाही. चालायला सोयीचे व्हावे म्हणून खडबडीत फरसबंदी सपाट करण्याला मात्र आहे आणि राहील.

वाटाड्या

सपाट करण्याला माझाही विरोधच आहे. पहिल्या लिखाणात एक गोष्ट सांगायची राहिली, ती आपल्या म्हणण्याला बळ देणारी आहे, म्हणून लपवत नाही. ते दगड पायांना इतके टोचतात, की माझ्यासकट बहुतेक जण थोड्या वेळाने फरसबंदी सोडून कडेच्या मातीवरून चालू लागतात. सायकलीही तेथूनच जातात. त्यामुळे दगडांच्या दोन्ही बाजूंना पायांनी आणि चाकांनी नव्या घळी पडल्या आहेत, आणि काही ठिकाणी त्या घळीत जुन्या काठाचे दगड उघडे पडून हलू लागले आहेत. इंका वाट फेब्रुवारीचा सबंध महिना पावसामुळे आणि डागडुजीसाठी बंद असते. तशी बंदी आप्पिया मार्गाच्या कडांना ओल्या महिन्यांत घातली तर मी आनंदाने पाळीन. दगडांवरून मात्र त्या महिन्यांतही चालू द्यावे. शिलापट्ट, एवढ्याला आपली हरकत असेल का?

शिलापट्ट

दगडांवरून चालायला नाही. परंतु कडा बंद केल्यावर किती जण दगडांवरून चालत राहतील, हे एक हिवाळा पाहून मग बोलू.