मदत हवी आहे : जुनी शिफॉनची साडी आणि ऑर्गंडीचा ब्लाउज, आतून काय घालावे?

नमस्कार.

माझ्या पुतण्याच्या लग्नाचा स्वागतसमारंभ येत्या वैशाखात साताऱ्यात आहे. त्या संध्याकाळी माझ्या मुलीला माझ्या आत्याची साडी आणि तिचाच ब्लाउज नेसायचा आहे. दोन्ही वस्त्रे इतकी विरळ आहेत की वरच्या कपड्यापेक्षा आतल्या कपड्याचाच प्रश्न मोठा होऊन बसला आहे. जुनी पारदर्शक वस्त्रे ज्यांनी स्वतः वापरली आहेत किंवा जे शिवणकाम जाणतात, त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

साडी मोतिया रंगाची, रेशमी शिफॉनची, साधारण १९५०च्या दशकातली आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या आणि कूचबिहारची महाराणी इंदिरादेवी यांनी शिफॉनच्या साड्या नेसायला सुरुवात केली आणि मग सुखवस्तू घरांतून त्या साड्यांची आवड पसरत गेली, असे आत्या नेहमी सांगत असे. तिची ही साडी त्याच आवडीतून घेतलेली आहे. ब्लाउज पांढऱ्या ऑर्गंडीचा, म्हणजे कडक, तलम, पारदर्शक सुती कापडाचा आहे. त्याला कोपरापर्यंत फुगीर बाह्या, पुढून हूक आणि छातीला खोल, टोकदार टक्स (आकार येण्यासाठी घातलेल्या शिवणीच्या चिमट्या) आहेत. कापड अजून कडक आहे, कुठे विरलेले नाही, शिवणीही धड आहेत. मुलीच्या अंगाला तो जणू तिच्यासाठीच बेतल्यासारखा बसतो. म्हणूनच त्याला कात्री किंवा सुई लागू नये, असे मला मनापासून वाटते.

घरात आहे तो पांढरा पॉपलीनचा परकर आत घालून पाहिला, तेव्हा साडीखाली तो निळसर, झगझगीत पांढरा दिसू लागला आणि मोतिया साडी त्याच्यापुढे मळकी वाटू लागली. नेफ्यातल्या चुण्या, नाडीची गाठ, कळ्यांचे जोड आणि खालची दुमड, सारे काही वरून मोजता येईल इतके स्पष्ट होते. आमच्या साताऱ्यातल्या खण आळीत एका दुकानात विचारले असता त्यांनी ‘स्किन कलर’ म्हणून जे दाखवले, ते गुलाबी झाक असलेले फिकट बेज होते. माझी मुलगी सावळी आहे. तिच्या अंगावर ते ऑर्गंडीखाली पांढऱ्याहूनही जास्त उठून दिसले. ज्या रंगाला आपण सगळे दुकानात सर्रास अंगाचा रंग म्हणतो, तो आपल्या घरातल्या निम्म्या मुलींच्या अंगाचा नसतो, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले.

शिंपीदादांचे म्हणणे असे की ब्लाउजला सरळ अस्तर लावून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटला. दुकानातल्या ताईंचे म्हणणे असे की हल्ली परकर कोणी घालत नाही, साडीखाली अंगाला घट्ट बसणारे लवचीक शेपवेअर घ्यावे. पहिला उपाय मला नको आहे, कारण ऑर्गंडीतून दंड आणि खांदा जो पुसट दिसतो, तेच त्या ब्लाउजचे सौंदर्य आहे. दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. वैशाखातल्या उकाड्यात ते तासन्‌तास अंगाला चिकटून राहणार, आणि शिफॉन त्याच्यावर बसली की मांड्यांचा आकार झाकला जाण्याऐवजी जास्तच ठळक होणार.

समारंभ शहराबाहेर यवतेश्वराच्या बाजूला एका लॉनवर आहे. तिथे संध्याकाळी वारा असतो आणि फोटोसाठी मागून मोठे दिवे लावलेले असतात. घरात आरशासमोर जे ठीक दिसते ते मागून उजेड आल्यावर कसे दिसेल, याची मला सर्वांत जास्त काळजी आहे. घरातली वडीलधारी मंडळी प्रेमळ आहेत, पण साडीतून पाय दिसले तर ती मुलीला तिथल्या तिथे शाल गुंडाळायला लावतील, आणि तिने इतक्या हौसेने निवडलेली साडी संध्याकाळभर शालीखाली राहील.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. ब्लाउजच्या दोन्ही खांद्यांच्या शिवणीला आतून बोटाच्या दीड पेराएवढ्या लांबीची अरुंद सुती फीत लावलेली आहे. तिचे गळ्याकडचे टोक मोकळे असून त्यावर टिचबटणाचा अर्धा भाग आहे आणि दुसरा अर्धा भाग गळ्याच्या बाजूला शिवणीवर टाचलेला आहे. बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. हे कशासाठी असावे?

मुलीच्या नेहमीच्या गोलाकार, पॅड असलेल्या ब्रावर हा ब्लाउज घातला की टक्सची टोके रिकामी राहून तिथे चुणी पडते. तेव्हा ब्रा कोणती, तिच्यावर आणखी काही घालावे का, परकर कशाचा आणि कोणत्या रंगाचा शिवावा, आणि हे सगळे मूळ वस्त्रांना धक्का न लावता कसे साधावे, हे कृपया सांगावे.

सांगलीहून प्रतिसाद

ताई, ब्लाउजला अस्तर लावू देऊ नका. ऑर्गंडीत सुई जिथे जाते तिथे भोक दिसत राहते. उद्या अस्तर उसवले तरी टाक्यांची रांग तशीच राहील. मी बरीच वर्षे शिवणकाम करते आणि असे अस्तर लावून जन्माचे जाड झालेले सुंदर ब्लाउज मी पाहिले आहेत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. खांद्याच्या आतली ती फीत आतल्या बॉडीचा, म्हणजे ब्लाउजच्या आत घालायच्या पट्ट्यांच्या बिनबाह्यांच्या कपड्याचा पट्टा धरून ठेवण्यासाठी असते. पट्टा फितीखालून घ्यायचा आणि टिचबटण लावायचे, म्हणजे हात वर केला तरी पट्टा गळ्यातून डोकावत नाही आणि दंडावर घसरत नाही. याचा अर्थ तुमच्या आत्याने हा ब्लाउज शिवतानाच त्याच्या आत एक बॉडी धरलेली होती आणि ती ऑर्गंडीतून दिसणार हेही तिला ठाऊक होते. लपवण्याची खटपट करण्याऐवजी, जे दिसणार आहे ते देखणे शिवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या ऑर्गंडीखाली मऊ लॉनची (हे एक तलम सुती कापड) किंवा मलमलची बॉडी शिवून घ्या. वरची कड छातीवरून सरळ आडवी जाऊ द्या, तिला अर्ध्या इंचाची सुती लेस लावा आणि पट्टे अंगठ्याएवढे रुंद ठेवा. बाजूची शिवण ब्लाउजच्या शिवणीच्या बरोबर खाली आली पाहिजे. एकाखाली एक आलेल्या दोन रेषा डोळ्यांना एकच वाटतात, पण त्या अर्धा इंच जरी सरकल्या तरी गबाळेपणा दिसतो. बॉडी कमरेपर्यंत नको, ब्लाउजच्या खालच्या पट्टीत संपू द्या.

रंगाबद्दल. आजच्या पांढऱ्या कापडाला चकाकीसाठी जे द्रव्य लावतात, ते उजेडातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकते, म्हणून तुमचा परकर निळा दिसला. जुने पांढरे आणि मोतिया कापड तसे नसते. त्याच्या आत कोरे, न धुवट केलेले सुती कापड किंवा फिकट टसरच्या रंगाचे कापड घ्या. पांढऱ्या लॉनला पिवळसर झाक हवी असेल तर ती कोऱ्या चहाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, गार पाण्यातून अनेकदा खळबळून घ्यावी. मात्र हा प्रयोग नव्या आतल्या कपड्यावरच करावा, साडी-ब्लाउजवर नव्हे. घामाने रंग सुटणार नाही याची ओल्या रुमालाने घासून खात्री करा.

ब्रा मात्र मुलीच्या अंगाच्या रंगाचीच हवी. दुकानात ‘स्किन’ मागू नका. तिचा हात काउंटरवर ठेवा आणि त्याच्याशी ताडून चॉकलेटी, बदामी, तांबूस तपकिरी यांपैकी जी छटा हातावर दिसेनाशी होते ती घ्या. विरळ कापडातून रंग दिसत नसतो, शेजारच्या दोन रंगांमधला फरक दिसत असतो. आकाराचे म्हणाल तर १९५०च्या दशकात कप तुकडे जोडून शिवलेले आणि टोकदार असत आणि ब्लाउजचे टक्स त्याच आकारावर बेतलेले असत. म्हणून पॅडची ब्रा इथे चालणार नाही. साधी सुती, मध्ये जोड असलेल्या कपची ब्रा घ्या, रिकामी टोके बऱ्याच अंशी भरतील. जोडाची रेषा वरच्या बॉडीने झाकली जाईल.

आता परकर. नुसता सॅटिनचा शिवला तर शिफॉन त्यावरून घसरते आणि निऱ्या खाली येतात. नुसता जाड पॉपलीनचा शिवला तर शिफॉनला पडणारी ती पाण्यासारखी घडी मरते. म्हणून कमरेखाली सहा इंचांपर्यंत सुती योक (वरचा वेगळा जोडलेला भाग) आणि त्याखाली मऊ रेशमी क्रेप, असा जोडून शिवा. नाडी आणि नेफा नको, सपाट पट्टा करून डाव्या बाजूला हूक लावा. कळ्या सहाच ठेवा आणि जोड तिरपे न येता निऱ्यांच्या आड जातील असे बघा. वाऱ्यासाठी घेर हवाच, कारण अरुंद परकरावर शिफॉन पायांना गुंडाळते.

मागच्या दिव्यांवर जुना उपाय आहे. त्या काळच्या चांगल्या परकरांना आणि स्लिपांना पुढून किंवा मागून आणखी एक कापडाचा पट आत लावलेला असे. तुम्ही तो दोन्हीकडून लावा. तो योकला वरून जोडायचा, बाजूंनी आणि खालून मोकळा सोडायचा, म्हणजे वजन वाढत नाही आणि उजेड आरपार जात नाही. ट्रायलच्या वेळी खोलीत अंधार करा, मुलीच्या मागे कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर धरून उभे करा आणि तुम्ही दहा-बारा पावले लांबून पाहा.

साडीला या सगळ्यात ताण येऊ देऊ नका. निऱ्यांची पिन शिफॉनमधून एकट्या थरातून न घेता साऱ्या निऱ्या एकत्र धरून योकच्या सुती कापडात घ्या. काखेतला घाम टिपणारे पॅड लावायचे असतील तर ते बॉडीला टाका, ब्लाउजला नाही.

तुम्ही सातारकर, म्हणून तुम्हाला एक सांगावेसे वाटते. तुमच्या गावी न्यायाधीश राहिलेले सत्येंद्रनाथ ठाकूर (रवींद्रनाथांचे थोरले बंधू) यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी पतीबरोबर मुंबई इलाख्यात आल्या. इथल्या पारशी स्त्रियांचे पाहून साडी नेसण्याची नवी पद्धत त्यांनी बसवली आणि तिच्याबरोबर जाकीट, शमीज (आतून घालायचा सैल झगा) आणि परकर बंगालमध्ये नेला. तलम साडी नेसून चारचौघांत निर्धास्त वावरता यावे म्हणून हे आतले कपडे पोशाखात आले. तेव्हा आतल्या कपड्यावर खर्च करताना हात आखडू नका.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत आहे. फक्त साडी खरोखर रेशमी आहे का, हे आधी तपासावे, कारण नंतरच्या काळात दिसायला शिफॉनसारख्याच नायलॉनच्या साड्याही पुष्कळ आल्या. आत खोचल्या जाणाऱ्या टोकाचा एक सुटा धागा काढून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. नायलॉन निघाले तर परकराचा क्रेप कृत्रिम धाग्याचा मुळीच घेऊ नका. दोन कृत्रिम कापडे घासली की वीज साठून साडी पायांना चिकटते. तिथे वरपासून खालपर्यंत तलम सुतीच घ्या, आणि साडीला इस्त्री अगदी कोमट.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघींचे मनापासून आभार. धागा जाळून पाहिला, केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तेव्हा साडी रेशमीच आहे. फितीचे कोडे सुटल्यावर मी आत्याच्या पेटीचा तळ पुन्हा उपसला. तिथे पिवळसर पडलेली एक सुती बॉडी मिळाली. तिची वरची कड आडवी आहे, पट्टे रुंद आहेत आणि लेस हाताने विणलेली आहे. कापड काखेत विरले आहे, म्हणून ती घालता येणार नाही, पण शिंपीदादांना माप आणि बेत म्हणून ती नेऊन दाखवली. अस्तराचा आग्रह त्यांनी लगेच सोडला आणि कोऱ्या मलमलची तशीच बॉडी शिवायला घेतली आहे. मुलीने चॉकलेटी रंगाची जोड असलेली ब्रा निवडली. ऑर्गंडीखाली ती जवळजवळ दिसतच नाही.

शेवटची एक शंका आहे. परकराची लांबी साडीच्या काठापासून किती वर ठेवावी? साडीचा काठ जरीची अरुंद पट्टी शिवून केलेला आहे, त्यातून आरपार दिसत नाही.

सांगलीहून प्रतिसाद

ताई, मग तुमचे काम सोपे झाले. परकराची खालची कड त्या जरीच्या पट्टीच्या आड संपवा, म्हणजे दुमड दिसणारच नाही. आतल्या दुहेरी पटाची लांबी मात्र परकरापेक्षा दोन इंच कमी ठेवा. मुलगी ज्या चपला घालणार आहे त्या पायात असतानाच लांबीची खूण करा, आणि तुरपाई करण्यापूर्वी परकर एक रात्र हँगरला टांगून ठेवा, कारण क्रेप स्वतःच्या वजनाने थोडा उतरतो.