मराठी मजकुराची ओळ बाइटवर तुटते

संकेतस्थळावरील अर्जातील मजकूर ईमेलने पाठवण्यापूर्वी ‘वर्डरॅप’ने, म्हणजे लांब ओळी ठरावीक लांबीवर तोडणाऱ्या फंक्शनने, ७० अक्षरांवर तोडावा, असा सल्ला दिला जातो. तो इंग्रजीसाठी योग्य आहे, मराठीसाठी मात्र पुरत नाही, कारण पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतील हे फंक्शन अक्षरे नव्हे तर बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, तसेच काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी ३ बाइट घेतात. त्यामुळे ओळ पंचवीसेक चिन्हांतच संपते, आणि लांब शब्द तोडण्याचा पर्याय चालू असल्यास एखादे चिन्ह मधोमध तुटून तेथे प्रश्नचिन्हे उमटतात.

यवतमाळकडील आमच्या शेतकरी गटाच्या अर्जात अडचण उलट होती. ‘नुकसानीचे वर्णन’ या रकान्यात शेतकरी बोंडअळीपासून अवकाळी पावसापर्यंत सारे काही एंटर न दाबता सलग लिहितात, आणि त्यांनी तसेच लिहावे. पण ईमेलच्या नियमांनुसार एका ओळीत जास्तीत जास्त ९९८ बाइट चालतात, म्हणजे मराठीची साडेतीनशेच्या आसपास चिन्हे. त्यापुढे काही सर्व्हर ओळ वाटेल तेथे तोडतात. मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरे-अंकांच्या संकेतात, एन्कोड करून, त्याच्या ७६ चिन्हांच्या ओळी पाडून, ईमेलच्या हेडरमध्ये (माहितीच्या शीर्षभागात) यूटीएफ-८ आणि बेस६४ हे दोन्ही नमूद केल्यावर ही मोडतोड थांबली, कारण या ओळी केवळ प्रवासापुरत्या असतात आणि वाचणाऱ्याकडे मूळ परिच्छेद अखंड उघडतो. क्वोटेड-प्रिंटेबल ही दुसरी एन्कोडिंग पद्धतही चालते, परंतु त्यात देवनागरीचे एक चिन्ह ९ चिन्हांचे होते. अर्जाच्या रकान्याला ‘हार्ड’ रॅप (अर्ज पाठवताना ओळी सक्तीने तोडणारी सेटिंग) दिलेले नाही ना, हेही पाहावे. आमच्याकडे बहुतेक जण ईमेल मोबाइलवरच वाचतात, आणि सक्तीने तोडलेल्या ओळी त्या अरुंद पडद्यावर पुन्हा तुटतात.